इंग्लंडचा एकुलता एक पोप कसा झाला?

२०२५ च्या मे महिन्यात लिओ चौदावे निवडून आले आणि ‘पहिले अमेरिकन पोप’ ही बातमी जगभर झळकली. व्हॅटिकनच्या गणतीत ते २६७ वे. या लांबलचक यादीत इटलीची माणसं सर्वाधिक, फ्रेंच थोडीफार, जर्मन मोजकी. इंग्लंडचा मात्र एकच पोप आहे. जन्मनाव निकोलस ब्रेकस्पिअर, गादीवर बसताना घेतलेलं नाव ॲड्रियन चौथा, आणि काळ डिसेंबर ११५४ ते सप्टेंबर ११५९. पाच वर्षंही पुरी झाली नाहीत.

त्याच्यामागे घराणं नव्हतं, पैसा नव्हता, रोममध्ये नात्यागोत्याचं कुणी नव्हतं. तरीही लंडनच्या वायव्येला असलेल्या एका छोट्या वस्तीतला मुलगा युरोपातल्या सगळ्यात मोठ्या धर्मपीठावर बसला. हे कसं घडलं ते समजून घ्यायचं, तर त्याच्या हुशारीइतकंच बाराव्या शतकातलं चर्च कसं चालत होतं हेही पाहावं लागतं. त्या चर्चला तेव्हा एका खास प्रकारच्या माणसाची गरज होती. हा माणूस कुठल्याच एका गावाचा, एका घराण्याचा, एका राजाचा नव्हता. निकोलस नेमका तसा होता, आणि तसा तो मुख्यतः नाइलाजाने झाला होता.

त्याचा जन्म साधारण ११०० च्या सुमाराचा, इंग्लंडच्या हर्टफर्डशर परगण्यातल्या सेंट ऑल्बन्सजवळचा. बेडमंड नावाच्या वाडीत तो जन्मला असं तिथे परंपरेने सांगतात. सेंट ऑल्बन्सला बेनेडिक्टाइन पंथाचा मोठा, श्रीमंत मठ होता आणि सगळा पंचक्रोशीचा व्यवहार त्या मठाभोवती फिरत असे. निकोलसचा बाप बेताच्या परिस्थितीतला, चर्चच्या खालच्या पायरीवरचा धर्मसेवक होता. धर्मसेवकाला मुलगा कसा, असं आज वाटेल. पण त्या काळी खालच्या धर्मसेवकांची लग्नं, संसार ही रोजची गोष्ट होती. रोमचे सुधारक ती बंद करायच्या मागे लागले होते, पण खेड्यापाड्यांत तो बदल अजून मुरला नव्हता.

पुढे बापाने संसार सोडला आणि तो सेंट ऑल्बन्सच्या मठात भिक्षू झाला. मठात भिक्षू होणं म्हणजे स्वतःचं असं काहीच उरत नाही. जमीन नाही, पैसा नाही, घर नाही. मुलाचं काय? न्यूबर्गचा विल्यम नावाचा इतिहासकार त्याच शतकाच्या अखेरीस लिहितो की निकोलस रोज मठाच्या दाराशी अन्नासाठी येत असे. बापाला याची लाज वाटायची. कष्ट करायचे सोडून दारात उभा राहतो म्हणून तो मुलाला सगळ्यांदेखत झिडकारायचा. शेवटी मुलाने ते दार सोडलं. आपल्याच मुलखात खोदकाम करायची किंवा हात पसरायची त्याला शरम वाटली, म्हणून तो समुद्र ओलांडून फ्रान्सला गेला.

याच प्रसंगाची दुसरी एक गोष्ट आहे. ती सेंट ऑल्बन्सचाच भिक्षू मॅथ्यू पॅरिस याने शंभर वर्षांनी लिहिली. तिच्यात निकोलस मठात प्रवेश मागतो आणि मठाधिपती रॉबर्ट त्याला सांगतो: अजून थोडं थांब बाळा, शाळेत जा, शिकून तयार हो. गोष्ट सुरेख आहे, पण तारखा जुळत नाहीत. रॉबर्ट मठाधिपती झाला ११५१ मध्ये, आणि तोवर निकोलस कार्डिनल होऊन बसला होता. तरी मला दोन्ही गोष्टींचा गाभा खरा वाटतो. ज्या दाराशी तो वाढला, ते दार त्याच्यासाठी उघडलं नाही.

फ्रान्समध्ये त्याने काय केलं? शिकला. त्या काळी शिकणं म्हणजे लॅटिन शिकणं. लॅटिन कुणाच्याच घरची बोली नव्हती, पण लिस्बनपासून क्राकोवपर्यंतचा प्रत्येक शिकलेला माणूस ती लिहायचा आणि बोलायचा. हातात लॅटिन असेल तर इंग्लंडच्या गरीब मुलाला दक्षिण फ्रान्समध्ये परकेपणाची अडचण उरत नसे. शेतकऱ्याचा मुलगा राजा होऊ शकत नव्हता, सरदारही सहसा होत नव्हता, पण लॅटिन आणि कायदा येत असेल तर तो बिशप होऊ शकत होता. त्या युरोपात जन्मावर न अडणारी शिडी जवळजवळ ही एकच होती. तिच्याही पायऱ्या श्रीमंतांच्या मुलांनी अडवलेल्या असायच्या, पण पूर्ण बंद नसायच्या.

तो फिरत फिरत अविन्यॉं शहराबाहेरच्या सेंट रूफ या मठात पोचला. हा मठ ‘कॅनन’ लोकांचा होता, आणि इथे जरा थांबायला हवं. भिक्षू आणि कॅनन यांत फरक आहे. भिक्षू जगापासून दूर, मठाच्या भिंतीआड प्रार्थनेत आयुष्य काढतो. कॅनन हा मुळात धर्मगुरू असतो. तो मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, करतो, लोकांच्या सुखदुःखाला हजर असतो. फक्त स्वतःचं घर करण्याऐवजी इतर कॅननांबरोबर एका छपराखाली, सामायिक खर्चात, नियमाने राहतो. सेंट रूफचे कॅनन संत ऑगस्टीनचा नियम पाळत. धर्मगुरूंनी शिस्तीत राहावं या सुधारणेच्या लाटेत या मठाचं नाव मोठं होतं, आणि त्याच्या शाखा पार स्पेनमधल्या कॅटलोनियापर्यंत पसरल्या होत्या.

निकोलस तिथे आला तेव्हा पडेल ते काम करणारा परदेशी पोरगा होता. विल्यम त्याचं वर्णन करतो: अंगाने देखणा, चेहऱ्याने प्रसन्न, बोलण्यात जपून, सांगितलेलं लगेच करणारा. कॅननांना तो आवडला, त्यांनी त्याला आपल्यात घेतलं. वर्षं गेली. तो आधी तिथला उपप्रमुख झाला आणि पुढे मठाधिपती.

आणि मग कॅननांना पश्चात्ताप झाला. ज्याला सगळ्यांनी मिळून निवडलं तो गादीवर बसल्यावर फारच कडक निघाला. नियम म्हणजे नियम. परक्या मुलखातून आलेला, आपल्याच अन्नावर वाढलेला माणूस आता आपल्याला शिस्त शिकवतो, हे त्यांना सहन होईना. त्यांनी त्याच्याविरुद्ध थेट पोप युजीन तिसरा याच्याकडे तक्रार नेली. पोपने दोन्ही बाजूंचं ऐकलं, समेट घडवून त्यांना परत पाठवलं. समेट टिकला नाही. ते पुन्हा आले. या वेळी युजीनने कॅननांना सांगितलं की जा, तुमचं पटेल असा दुसरा प्रमुख निवडा, हा यापुढे तुम्हाला जड होणार नाही. निकोलसला त्याने आपल्याजवळ ठेवून घेतलं आणि अल्बानोचा कार्डिनल-बिशप केलं. साल ११४९ च्या अखेरीचं किंवा ११५० च्या सुरुवातीचं.

हा प्रसंग मला या सगळ्या कथेचा कणा वाटतो. तक्रार घेऊन आलेल्यांना वाटलं, काटा निघाला. पण पोपने त्या तक्रारीत वेगळं काही वाचलं. युजीन स्वतः कडक शिस्तीच्या सिस्टर्शियन पंथातून आला होता. ज्या माणसाबद्दल ‘हा नियम फार पाळायला लावतो’ एवढीच कुरकुर आहे, ज्याच्यावर पैसे खाल्ल्याचा किंवा नातेवाइकांची भरती केल्याचा आरोप नाही, असा माणूस त्याला हवाच होता.

आता कार्डिनल म्हणजे कोण? आज आपण कार्डिनल म्हटलं की लाल झगा आणि पोपची निवडणूक आठवते. मुळात कार्डिनल म्हणजे रोमच्या बिशपचे, म्हणजे पोपचे, जवळचे सहकारी. त्यांचे तीन थर होते: रोममधल्या ठरावीक चर्चांचे डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचे सेवक), तशाच चर्चांचे धर्मगुरू, आणि रोमच्या आसपासच्या मोजक्या जुन्या धर्मप्रांतांचे बिशप. तिसरा थर सर्वांत वरचा. अल्बानो हे रोमच्या आग्नेयेला टेकडीवरचं गाव, त्याच वरच्या थरातलं. म्हणजे निकोलसने एका उडीत अगदी आतल्या वर्तुळात पाऊल टाकलं.

या वर्तुळाला एवढं महत्त्व आलं ते १०५९ च्या एका हुकुमाने. त्याआधी पोप कोण व्हावा हे रोमची बडी घराणी, नाहीतर जर्मन सम्राट ठरवत. १०५९ मध्ये पोप निकोलस दुसरा याने ठरवून टाकलं की निवड कार्डिनल करतील, आणि त्यांतही पुढाकार कार्डिनल-बिशपांचा. हुकूम निघाला म्हणून भांडणं थांबली नाहीत, पण गादीची किल्ली सरदारांच्या हातून सुटून चर्चच्या कारभाऱ्यांच्या हाती येऊ लागली. कारभाऱ्यांची निवड कारभारी करणार असतील, तर कुठल्या कुळातला यापेक्षा काय करून दाखवलं याला वजन येतं. इंग्लंडच्या गरीब धर्मसेवकाच्या मुलाला दार उघडलं ते या बदलामुळे.

करून दाखवायची संधी ११५२ मध्ये आली. युजीनने त्याला पोपचा मुखत्यार म्हणून स्कँडिनेव्हियाला पाठवलं. मुखत्यार जिथे जाईल तिथे त्याचा शब्द हा पोपचा शब्द. काम नाजूक होतं. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क हे मुलूख ख्रिस्ती होऊन फार दिवस झाले नव्हते. या सगळ्यांच्या बिशपांवर एकच आर्चबिशप होता, तो लुंडला, डॅनिश राजाच्या राज्यात. नॉर्वेच्या आणि स्वीडनच्या लोकांना डेन्मार्कची ही वडीलकी नको होती. त्यांना आपापला आर्चबिशप हवा होता.

इंग्रज माणूस पाठवण्यातही धोरण होतं. नॉर्वेला ख्रिस्ती धर्म मोठ्या प्रमाणात इंग्लंडमधूनच गेला होता, त्यामुळे तिथे इंग्रज धर्मगुरू परका वाटत नसे. निकोलस पोचला तेव्हा नॉर्वेच्या गादीवर तीन सावत्र भाऊ एकाच वेळी राजे होते: इंगे, सिगुर्ड आणि आयस्टाइन. तिघांचं आपसात बरं नव्हतं. निकोलसने दोघांची कानउघाडणी केली, त्यांच्याकडून चुकांची भरपाई करवून घेतली, आणि मग तिघांच्या संमतीने निदारोस, म्हणजे आजचं ट्रॉन्डहाइम, इथे नवं आर्चबिशपपद उभं केलं. स्टाव्हांगरचा बिशप योन बिर्गर्सन तिथला पहिला आर्चबिशप झाला.

आर्चबिशपला पोपकडून एक खूण मिळते, तिला पॅलियम म्हणतात. कोकराच्या लोकरीची विणलेली पांढरी अरुंद पट्टी, खांद्यांवरून फिरून पुढे-मागे लोंबणारी, वर काळे क्रॉस. हातात धरली तर काहीच वजन नाही. पण ती खांद्यावर आली की त्या माणसाला इतर बिशपांवर अधिकार येतो, आणि ती फक्त रोमकडून येते. या पट्टीच्या जोरावर निदारोसच्या हाताखाली नॉर्वेचे पाच धर्मप्रांत आले, आणि समुद्रापलीकडचे सहा: आइसलँडचे दोन, फेरो बेटं, ऑर्कनी, स्कॉटलंडच्या पश्चिमेची बेटं नि आइल ऑफ मॅन, आणि ग्रीनलँडमधलं गार्दार. ग्रीनलँडच्या बर्फाळ किनाऱ्यावरची वस्ती रोमच्या कागदांत नीट नोंदली गेली, त्यामागे सेंट ऑल्बन्सच्या या मुलाची खटपट आहे.

स्वीडनमध्ये तेवढं यश आलं नाही. लिंकॉपिंगला सभा भरली, पण आर्चबिशपचं गाव कुठलं यावर स्वीड आणि गॉट या दोन गटांचं एकमत होईना. निकोलसने ओढूनताणून निर्णय लादला नाही. स्वीडनसाठी आणलेला पॅलियम त्याने लुंडच्या एस्किलकडे ठेव म्हणून ठेवला आणि तो निघाला. पुढे ११६४ मध्ये उप्साला हे ठिकाण ठरलं. सेंट रूफला ज्याच्या कडकपणाची तक्रार झाली, तो माणूस इतक्या वर्षांत कुठे ताणायचं आणि कुठे सोडायचं हे शिकला होता असं मला यातून दिसतं.

आइसलँडचा स्नोरी स्टुर्लुसन याने तेराव्या शतकात नॉर्वेच्या राजांच्या कथा लिहिल्या. तो म्हणतो, ज्याला सगळे इतका मान देत आणि जो लोकांना इतकं नीट सांभाळू शकत होता, असा परदेशी नॉर्वेत दुसरा आला नाही. पुढे तो पोप झाल्यावर रोमला जाऊन आलेले लोक सांगत, की समोर कितीही मोठं काम असलं तरी नॉर्वेचा माणूस आला की पोप आधी त्याच्याशी बोलायचा.

निकोलस उत्तरेत असतानाच, जुलै ११५३ मध्ये, युजीन वारला. त्याच्या जागी अनास्तासियस चौथा आला, तो वयोवृद्ध होता आणि ३ डिसेंबर ११५४ ला तोही गेला. निकोलस नुकताच रोमला परतला होता. दुसऱ्याच दिवशी, ४ डिसेंबरला, कार्डिनलांनी एकमताने त्याचं नाव पुढे केलं. तो नको नको म्हणत असताना त्याला आसनावर बसवलं, असं त्याचा खजिनदार आणि चरित्रकार बोसो सांगतो. नको म्हणण्याची रीतच होती. पण पुढे त्याने जे सोसलं ते पाहता, या नकारात रीतीपेक्षा जास्त काही असावं.

एकमत का झालं? समोर संकटं कोणती होती ते पाहा. रोम शहरात ११४३ पासून नागरिकांनी स्वतःची सत्ता उभी केली होती; पोपने शहराचा कारभार सोडावा असं त्यांचं म्हणणं. ब्रेशियाचा आर्नल्ड नावाचा प्रवचनकार त्यांना बळ देत होता: धर्मगुरूंनी जमीनजुमला ठेवूच नये, असं तो शिकवायचा. दक्षिणेला सिसिलीचा नॉर्मन राजा विल्यम. उत्तरेकडून जर्मनीचा तरुण राजा फ्रेडरिक बार्बरोसा सम्राटाचा मुकुट घ्यायला फौजेसह निघालेला. अशा वेळी एखाद्या रोमन घराण्याचा माणूस निवडला की बाकीची घराणी उठणार. इंग्रज कुणाचाच नव्हता. शिवाय राजांशी कसं बोलायचं हे तो नुकतंच दाखवून आला होता. कार्डिनलांनी त्याचं हे मोल बरोबर ओळखलं.

आता त्याने गादीवर काय केलं, ते जरा वेगाने सांगतो, पण दोन प्रसंगांपाशी थांबणार आहे.

पहिल्याच काही आठवड्यांत रोममध्ये एका कार्डिनलवर भर रस्त्यात हल्ला झाला. ॲड्रियनने रोम शहरातली चर्चमधली उपासनाच बंद केली. मिस्सा नाही, घंटा नाही. हे शस्त्र इतर शहरांवर आणि राज्यांवर वापरलं गेलं होतं, खुद्द रोमवर कधीच नाही. आणि वेळ ईस्टरच्या आधीची. ईस्टरला यात्रेकरू येतात, आणि यात्रेकरूंवर रोमचे खाणावळवाले, दुकानदार, घरमालक जगतात. पवित्र सप्ताह आला तसा लोकांनीच शहराच्या कारभाऱ्यांवर दबाव आणला. ते झुकले, आर्नल्डला शहराबाहेर घालवलं. पुढे फ्रेडरिकच्या माणसांनी आर्नल्डला पकडून दिलं, त्याला फाशी झाली, प्रेत जाळून राख टायबर नदीत टाकली, म्हणजे लोकांना तिची पूजा करता येऊ नये. ॲड्रियनबद्दल मला कितीही आपुलकी वाटली तरी हे पान वाचताना मन खट्टू होतं. आर्नल्डही चर्चमध्ये शिस्त आणायलाच निघाला होता.

जून ११५५. सुत्री गावाजवळ पोप आणि फ्रेडरिक पहिल्यांदा भेटले. रिवाज असा, की सम्राट होऊ घातलेल्या राजाने पायी पुढे यावं, पोपच्या घोड्याचा लगाम धरून चार पावलं चालावं आणि पोप उतरताना रिकीब धरावी. थोडक्यात, मोतद्दाराचं काम. फ्रेडरिक सामोरा आला, पण रिकिबीला हात लावला नाही. पोपसोबतचे कार्डिनल घाबरून पळाले. ॲड्रियन एकटाच खाली उतरला आणि मांडलेल्या आसनावर बसला. फ्रेडरिकने त्याच्या पायांचं चुंबन घेतलं आणि बदल्यात शांतीचं चुंबन घ्यायला पुढे झुकला. ॲड्रियनने नकार दिला. तुझ्या आधीच्या राजांनी जो मान संत पीटरला, म्हणजे पोपच्या गादीला, दिला तो तू दिला नाहीस, तो देईपर्यंत चुंबन नाही.

भोवती जर्मन फौज. पोपपाशी मोजकी माणसं. तरी तो हलला नाही. दोन दिवस जुने दाखले तपासले गेले, वयस्क सरदारांना विचारलं गेलं, आणि ११ जूनला सगळी भेट पुन्हा नव्याने मांडली. या वेळी फ्रेडरिकने लगाम धरला आणि दगड फेकावा एवढं अंतर घोडा चालवत नेला. एका रिकिबीवरून एवढा हट्ट कशाला? कारण त्या काळात लोकांना अधिकार कागदावर वाचता येत नव्हता, तो डोळ्यांना दिसावा लागे. लगाम कुणाच्या हातात आणि खोगिरावर कोण, यावरून हजारो सैनिकांना कळत होतं की मुकुट कोण देतो आणि कोण घेतो. १८ जूनला सेंट पीटर्समध्ये राज्याभिषेक झाला. त्याच दुपारी रोमन लोकांनी हल्ला केला आणि रक्त सांडलं.

दुसरा प्रसंग एका शब्दाचा. दक्षिणेत ॲड्रियनचं गणित चुकलं; सिसिलीच्या विल्यमने त्याला बेनेव्हेंतो शहरात कोंडीत पकडलं आणि जून ११५६ मध्ये त्याला विल्यमशी तह करावा लागला. फ्रेडरिकला हा तह मुळीच रुचला नाही. त्यात पुढच्या वर्षी लुंडचा तोच आर्चबिशप एस्किल रोमहून परतताना सम्राटाच्या मुलखात पकडला गेला, आणि सम्राटाने काही केलं नाही. ॲड्रियनने खरमरीत पत्र धाडलं. ऑक्टोबर ११५७ मध्ये बझांसॉंच्या दरबारात ते वाचलं गेलं. त्यात होतं की आम्ही तुला सम्राटाचा मुकुट दिला, आणि याहून मोठे ‘बेनेफिसिया’ दिले असते तरी आम्हाला आनंदच झाला असता.

लॅटिन ‘बेनेफिसियम’चे अर्थ दोन. एक म्हणजे उपकार, भेट. दुसरा म्हणजे जहागीर. मराठी वाचकाला हे समजायला अवघड नाही, कारण आपल्याकडे ‘इनाम’ हा शब्द तसाच आहे: शाळेत मिळतं तेही इनाम आणि सरकारातून मिळालेली जमीन तीही इनाम. सम्राटाचा प्रधान रायनाल्ड याने पत्र जर्मनमध्ये सांगताना जहागीर हा अर्थ घेतला. म्हणजे साम्राज्य ही पोपची जहागीर आणि सम्राट त्याचा मांडलिक! दरबार खवळला. पत्र घेऊन आलेल्या पोपच्या वकिलांपैकी एकजण म्हणाला, मग साम्राज्य पोपकडून नाही तर कुणाकडून आलं? ओटो नावाच्या सरदाराने तलवार उपसली. फ्रेडरिकने स्वतः मध्ये पडून वकिलांचा जीव वाचवला. ११५८ मध्ये ॲड्रियनने खुलासा पाठवला की आपल्याला ‘चांगलं कृत्य’ एवढंच म्हणायचं होतं. बझांसॉंला ते पहिलं पत्र नेणाऱ्या वकिलांत रोलांड नावाचा कार्डिनल होता. ॲड्रियननंतर तोच अलेक्झांडर तिसरा म्हणून पोप झाला.

ॲड्रियनच्या नावाशी सर्वांत जास्त जोडलं जातं ते आयर्लंडचं प्रकरण. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याला आयर्लंडमध्ये शिरायला त्याने परवानगी दिली असं सांगतात. सॉल्सबरीचा जॉन हा विद्वान म्हणतो की आपल्याच विनंतीवरून ही परवानगी मिळाली, आणि खूण म्हणून पाचू जडवलेली सोन्याची अंगठी पोपने आपल्याच हाती पाठवली. परवानगीच्या पत्राची मूळ प्रत हाती नाही, आणि जो मजकूर पुढच्या लेखकाने उतरवला तो किती अस्सल यावर अभ्यासक आजही भांडतात. पण दूरचा मुलूख पोपच्या पत्राच्या आधारे राजाने घ्यावा, ही कल्पना तिथे संपली नाही. १४५५ मध्ये पोप निकोलस पाचवा याने पोर्तुगालच्या राजाला अशाच पत्राने हक्क दिले, आणि गोवा नि वसईच्या चर्चांवर पोर्तुगीज राजाचा जो अधिकार चालला त्याची मुळं त्या पत्रांत आहेत.

एका निर्णयाची आठवण मात्र क्वचितच काढली जाते. साल्झबुर्गच्या आर्चबिशपला त्याने कळवलं की वेठीच्या कुळांनी मालकाच्या मर्जीविरुद्ध लग्न केलं तरी ते लग्न खरं. मालक म्हणतो म्हणून ते मोडता येणार नाही. मठाच्या दारी उभा राहिलेल्या मुलाने हे लिहावं, याला माझ्या लेखी मोठी किंमत आहे.

११५५-५६ च्या हिवाळ्यात तो बेनेव्हेंतोला असताना दोन इंग्रज पाहुणे आले. एक हाच सॉल्सबरीचा जॉन, जुना मित्र. ॲड्रियनने त्याला विचारलं, लोक माझ्याबद्दल आणि रोमच्या चर्चबद्दल खरंच काय म्हणतात? जॉनने आडपडदा ठेवला नाही: चर्च आईसारखं नाही, सावत्र आईसारखं वागतं, न्याय विकला जातो, खुद्द पोपचा भार लोकांना असह्य झालाय. ॲड्रियन हसला, आणि असंच खरं सांगत जा म्हणाला. त्याच माणसापाशी तो मन मोकळं करायचा. हे आसन काट्यांचं आहे, अंगरख्यात सुया शिवलेल्या आहेत, मुकुट चमकतो कारण तो आगीचा आहे. इंग्लंड सोडलं नसतं, किंवा सेंट रूफच्या मठातच राहिलो असतो तर बरं झालं असतं.

दुसरा पाहुणा सेंट ऑल्बन्सचा मठाधिपती रॉबर्ट. सोबत सोनं, चांदी, किमती भांडी. मॅथ्यू पॅरिसच्या म्हणण्याप्रमाणे पोपने ती हसत नाकारली: तुमच्या मठाचा झगा मी मागितला तेव्हा तुम्ही मला नाकारलंत, आता तुमच्या भेटी मी कशा घेऊ? रॉबर्ट म्हणाला, देवाची इच्छाच तशी होती, त्याने तुम्हाला याहून मोठ्या कामासाठी राखून ठेवलं होतं. पोपने फक्त बिशपचे काही उंच मुकुट आणि सपाता ठेवून घेतल्या. मार्कयेटच्या आश्रमाची प्रमुख क्रिस्टिना हिने स्वतःच्या हातांनी त्यांवर नाजूक भरतकाम केलं होतं. मार्कयेट सेंट ऑल्बन्सहून जवळच. सोनं परत गेलं आणि गावाकडचा हा टाका पोपपाशी राहिला. त्याने ५ फेब्रुवारी ११५६ च्या सनदेने सेंट ऑल्बन्सचा मठ लिंकनच्या बिशपच्या हुकमतीतून मोकळाही केला. ज्या दाराने त्याला आत घेतलं नव्हतं, त्याच दारावरचा परका अंमल त्याने काढला.

१ सप्टेंबर ११५९ ला अनाग्नी इथे तो वारला. पेला पिताना घशात माशी अडकून मेला अशी वदंता सम्राटाच्या बाजूने उठली. घशाच्या दुखण्याने गेला असणं जास्त संभवतं. त्याच्यामागे कार्डिनल दुभंगले, एका बाजूने अलेक्झांडर तिसरा, दुसऱ्या बाजूने व्हिक्टर चौथा. ही फूट तब्बल अठरा वर्षं, ११७७ पर्यंत चालली. तिच्यातून धडा घेऊन ११७९ मध्ये ठरलं की पोप व्हायला दोन तृतीयांश मतं हवीत, आणि तोच नियम थोड्याफार फरकाने लिओ चौदावे निवडले गेले तेव्हाही लागू होता.

ॲड्रियनला रोमच्या सेंट पीटर्समध्ये तांबड्या ग्रॅनाइटच्या शवपेटीत ठेवलं. ती आजही तिथल्या तळघरात आहे. १६०७ मध्ये जुनं चर्च पाडताना ती उघडली गेली. साडेचारशे वर्षांनंतरही शरीर बरंच शाबूत होतं. अंगावर गडद रंगाचा मिस्साचा झगा, उजव्या हाताच्या बोटात मोठ्या पाचूची अंगठी, पायांत तुर्की घडणीच्या सपाता. पाहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट टिपून ठेवली: माणूस ठेंगणा होता.